कॅराव्हॅन घेऊन वऱ्हाडात जाताय? मग मोझरीची खंजिरी, लवाद्याचा बांबू आणि बहिरमची हंडी यांचं कॅलेंडर आधी समजून घ्या

आश्विन वद्य पंचमी. संध्याकाळचे ४ वाजून ५८ मिनिटं. नागपूर-अमरावती महामार्गाला लागून असलेल्या गुरुकुंज मोझरीत भगव्या टोप्या घातलेला प्रचंड जमाव एकदम गप्प होतो. आठवडाभर जिथं पहाटेपासून रात्रीपर्यंत खंजिरी वाजत असते, तिथं काही मिनिटं कुणीच काही बोलत नाही. ११ ऑक्टोबर १९६८ या दिवशी याच वेळेला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी देह ठेवला. त्यांना वाहिली जाणारी ही मौन श्रद्धांजली.

आता कल्पना करा, तुम्ही पुण्याहून कॅराव्हॅन भाड्यानं घेतलीये. गाडीतच झोपायचं, गाडीतच चहा करायचा आणि वाटेत गावोगावची गाणी ऐकायची, कारागिरांचं काम बघायचं, असा प्लॅन आहे. इन्स्टाग्रामवर तसे व्हिडिओ रोज दिसतात. परदेशात तर हा प्रकार चांगलाच रुळलाय. गावाबाहेर गाडी लावायची, तिकीट काढायचं, तासभर मडकी घडवण्याचं प्रात्यक्षिक बघायचं, संध्याकाळी चौकातल्या बँडसमोर खुर्ची टाकायची.

वऱ्हाडात हे जमतं का? जमतं, पण तिकीट खिडकी कुठेच नाही. इथलं संगीत तिथीनुसार चालतं आणि इथली कारागिरी बाजार आणि यात्रांनुसार. चुकीच्या आठवड्यात गेलात तर मोझरीत शांत आश्रम दिसेल आणि बहिरमला रिकामं माळरान. बरोबर आठवड्यात गेलात तर हॉटेलात उतरलेल्या माणसाला जे कधीच ऐकू येत नाही ते ऐकायला मिळेल, कारण खरी भजनं रंगतात तेव्हा हॉटेलवाला पाहुणा अमरावतीला परत निघालेला असतो.

आधी एक घोळ निस्तरू

विदर्भातली लोककला म्हटलं की नेटवर 'झाडीपट्टी रंगभूमी' सगळ्यात आधी समोर येते. ती वऱ्हाडात नाही. झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा हा विदर्भाचा पूर्वेकडचा जंगलपट्टा, आणि तिथल्या नाटकांचं केंद्र आहे वडसा. वऱ्हाड म्हणजे पश्चिमेकडचा कापसाचा काळ्या मातीचा पट्टा: अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशिम. मधली हद्द वर्धा नदीची. इथं नाटकापेक्षा भजन आणि कीर्तनाचा जोर मोठा. आणि त्यातही एका वाद्याचा.

खंजिरी

कुणी खंजिरी म्हणतं, कुणी खंजेरी. लाकडाचं गोल कडं, त्याच्या एका तोंडावर ताणून बसवलेलं चामडं आणि कड्याच्या खाचांमध्ये छोट्या पितळी झांजा. एका हातात धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. पिशवीत मावते. हवा दमट झाली की चामडं सैल पडतं आणि आवाज बसतो, मग वाजवणारे ती जरा शेकून घेतात. तबल्यासारखं मोठं बिऱ्हाड नाही, पेटीसारखं वजन नाही. पायी फिरणाऱ्या माणसाचं हे वाद्य.

आणि ते वाजवणारा माणूस खरोखरच आयुष्यभर फिरत होता. तुकडोजी महाराज म्हणजे माणिक बंडोजी इंगळे. जन्म ३० एप्रिल १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली. (१९४२च्या लढ्यातल्या हुतात्म्यांमुळे हे गाव आज 'यावली शहीद' म्हणून ओळखलं जातं.) गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला आश्रम उभारला, त्याचं नाव गुरुकुंज. पुढच्याच वर्षी ते वर्धा नदी ओलांडून सेवाग्रामला गेले आणि सुमारे महिनाभर गांधीजींसोबत राहिले.

ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टीत लोक पेटून उठले. महाराजांच्या भजनांनी लोक भडकले असा इंग्रज सरकारचा समज झाला आणि त्याच महिन्यात त्यांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवलं गेलं. एक पिशवीत मावणारं वाद्य आणि त्यावर गायलेली गाणी यांची सरकारला एवढी धास्ती वाटावी, ही गोष्ट आज खंजिरीचा रील बघताना लक्षात राहत नाही.

पुढे १९५५ मध्ये महाराज जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले, तिथंही खंजिरी वाजली. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांना 'राष्ट्रसंत' म्हटलं. १९६२ आणि १९६५च्या युद्धांच्या काळात ते सीमेवर जवानांपुढे गायला गेले. त्यांची 'ग्रामगीता' ४१ अध्यायांची आहे, आणि त्यात देवदर्शनासोबतच ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य असे अध्याय येतात. म्हणजे गटारं, विहिरी आणि शिक्षण हे सगळं ओव्यांमध्ये. म्हणूनच मोझरीचं भजन निव्वळ भक्तिगीत वाटत नाही. त्यात मध्येच दारू येते, हुंडा येतो, गावातली भांडणं येतात.

पंचमीला नसाल तरी चालेल का?

चालेल. पण मग रोजच्या वेळा पाळाव्या लागतील. गुरुकुंजात पहाटे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. प्रार्थनेला लोक रांगेत, शिस्तीत बसतात. ती ऐकायला पास लागत नाही, पण उशिरा येऊन पुढे घुसणं आणि मध्येच उठून जाणं तिथं फार खटकतं.

हीच प्रार्थना वऱ्हाडातल्या कितीतरी गावांमध्ये होते, कारण श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव आहेत. खंजिरीचा खरा मुक्काम तिथं आहे. दिवसभर शेतात राबलेली माणसं रात्री जेवून मंदिरात किंवा कुणाच्या ओसरीवर जमतात. एक पेटी, एक ढोलक, टाळ आणि दोन-तीन खंजिऱ्या. महिलांची मंडळं वेगळी असतात आणि खंजिरी भजनाच्या स्पर्धांमध्ये ती हिरीरीनं उतरतात. रात्री १०नंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, हा देशभर लागू असलेला ध्वनिप्रदूषणाचा नियम. पण खंजिरीला स्पीकर लागतोच कुठे! माईक बंद झाल्यावर उरलेल्या पंधरा-वीस माणसांसाठी जे गायलं जातं, त्यासाठी मुक्काम करावा.

अकोला जिल्ह्यात या वाद्याचं आणखी एक रूप दिसतं. अकोट परिसरातले सत्यपाल महाराज एकटेच सात खंजिऱ्या वाजवतात. म्हणून त्यांच्या कार्यक्रमाला सप्तखंजिरी म्हणतात. भजन कमी, प्रबोधन जास्त, आणि ठसका शंभर टक्के वऱ्हाडी. बुवाबाजी, व्यसन, लग्नातली उधळपट्टी यांच्यावर ते हसवत हसवत कोरडे ओढतात. वऱ्हाडी बोली कानावर नसेल तर पहिली दहा मिनिटं निसटतील. मग मात्र सुटका नाही.

पंचमीची तारीख कशी काढायची?

पुण्यतिथी इंग्रजी तारखेनं नाही, तिथीनं होते. आश्विन वद्य पंचमी म्हणजे कोजागरीनंतरचा पाचवा दिवस. साधारण ऑक्टोबरात येते, पण अधिक महिना आला की पुढे सरकते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, त्यामुळे ती थेट नोव्हेंबरात गेली. उत्सव साधारण आठवडाभर चालतो, त्यात शेवटचे दोन-तीन दिवस गर्दी सगळ्यात जास्त. कॅराव्हॅनवाल्यांनी उत्सवाच्या सुरुवातीला यावं. मौन श्रद्धांजलीच्या दिवशी वीस फुटांची गाडी घेऊन मोझरीत शिरणं म्हणजे स्वतःलाही मनस्ताप आणि गावालाही.

३० एप्रिलची जयंती 'ग्रामजयंती' म्हणून साजरी होते. ती इंग्रजी तारखेनंच येते, त्यामुळे सोपी. अडचण एकच, त्या दिवसांत अमरावती-अकोल्यात पारा ४४-४५ला टेकलेला असतो. पत्र्याच्या गाडीत दुपार काढायची हिंमत असेल त्यांनीच विचार करावा.

गाडीत बिऱ्हाड नेणं इथं नवीन नाही

आता मोझरीहून अमरावती आणि तिथून उत्तरेला, परतवाड्याच्या दिशेनं. सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाडा-बैतूल रस्त्यावर, चांदूर बाजार तालुक्यात बहिरम आहे. दरवर्षी २० डिसेंबरला इथली यात्रा सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. महिन्याहून जास्त दिवस चालणाऱ्या यात्रा राज्यात फार थोड्या.

आणि इथं लोक काय करतात? राहुट्या ठोकतात. घरचं सामान, भांडी, अंथरूण-पांघरूण घेऊन कुटुंबं येतात, माळावर तंबू मारतात आणि तिथंच चूल मांडतात. पूर्वी हे सगळं बैलगाड्यांतून यायचं. ज्याला आज आपण 'व्हॅन लाइफ' म्हणून हॅशटॅग लावतो, ते बहिरमला आजोबा-पणजोबांच्या काळापासून सुरू आहे, फक्त चाकं लाकडाची होती. त्यामुळे तुमच्या कॅराव्हॅनकडे बघून वऱ्हाडी माणूस फारसा थक्क होणार नाही. आत डोकावून "पंखा हाय का?" एवढं विचारेल.

बहिरमची ओळख म्हणजे हंडीतलं मटण आणि रोडगे. हंडी मातीची. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, वर तुपाची किंवा तेलाची धार. शाकाहारी असाल तर रोडगे आणि वांग्याची भाजी, आणि हा पर्याय कमीपणाचा अजिबात नाही.

इथं कुंभारकाम बघायचं तर वेगळ्या नजरेनं. चाकावर माती फिरवून दाखवणारा कुणी बसलेला नसेल. कुंभाराचं काम इथं विक्रीला मांडलेलं असतं. हंडी उचला, बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत आवाज आला तर नीट भाजलेली, भद्द आला तर कुठेतरी तडा. गिऱ्हाईक असंच घेतं आणि तुम्हीही असंच घ्यावं. मग ती पाण्यात भिजवून ठेवायची, मंद आचेवर चढवायची. कोरडी हंडी थेट गॅसच्या मोठ्या ज्योतीवर ठेवली की ती फुटते आणि दोष कुंभाराला दिला जातो. त्या हंडीत एकदा भाजी शिजवून खाल्ली की मातीच्या भांड्याविषयी जे समजेल, ते तासाभराच्या वर्कशॉपमध्ये समजत नाही.

एक गोष्ट मात्र आता बहिरमला मिळणार नाही. ही यात्रा एकेकाळी तमाशाच्या फडांसाठी ओळखली जायची. ते फड बंद झाले. काहींना हे योग्य वाटतं, काहींना हळहळ वाटते. कलावंतांच्या पोटाचा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंच्या चर्चेत हमखास मागे राहतो.

२० डिसेंबर या तारखेला आणखी एक जोड आहे. १९५६ मध्ये याच दिवशी गाडगेबाबा गेले. अमरावतीकडे येत असताना, वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात. त्यांचा जन्मही याच जिल्ह्यातला, २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव. समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे आणि पुण्यतिथीच्या दिवसांत तिथं कीर्तनं होतात. बाबांची स्वतःची कीर्तनाची पद्धत म्हणजे समोरच्या माणसालाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरातून त्याला पकडायचं. आयुष्यभर ते देवापुढच्या पशुबळीविरुद्ध, कर्जाविरुद्ध, दारूविरुद्ध बोलत राहिले. आणि कीर्तनाआधी गाव झाडून काढायचं ही त्यांची अट स्वतःपासून सुरू व्हायची. पौष महिन्यातल्या रविवारी पूर्णा नदीकाठी ऋणमोचनला यात्रा भरते. तिथंही बाबांच्या कामाच्या खुणा आहेत. डिसेंबरअखेर ते जानेवारी अशी सुट्टी मिळाली तर अमरावती, ऋणमोचन आणि बहिरम हे तिन्ही एकाच फेरीत होतं.

बांबू: लवादा आणि त्यामागचा कायदा

परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल (हो, तेच 'डिजिटल गाव' म्हणून गाजलेलं) आणि पुढे धारणी. हा रस्ता मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला हा एक. घाट अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत. मोठी कॅराव्हॅन असेल तर ती परतवाड्यात ठेवून छोट्या गाडीनं किंवा एसटीनं पुढे जाणं जास्त शहाणपणाचं. नेटवर्क मध्येच गायब होतं, तेव्हा नकाशा आधीच डाउनलोड करा. आणि जंगलात रस्त्याकडेला मुक्काम करायचा विचारसुद्धा नको.

धारणी तालुक्यात लवादा नावाचं छोटं गाव आहे. सुनील आणि निरुपमा देशपांडे या जोडप्यानं इथं येऊन कोरकू लोकांसोबत काम सुरू केलं आणि 'संपूर्ण बांबू केंद्र' उभं राहिलं. सुनील देशपांडे २०२१ मध्ये गेले. केंद्राच्या बांबूच्या राख्या तुम्ही कदाचित पाहिल्याही असतील. 'प्रात्यक्षिक' म्हणून जे तुम्ही शोधताय त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी या भागातली जागा हीच. इथं बांबू चिरणं, सोलणं, त्याच्या पट्ट्या काढणं, कीड लागू नये म्हणून त्यावर प्रक्रिया करणं हे शिकवलं जातं. अर्थात आधी कळवून जायचं.

पण बांबूचं काम बघताना एक प्रश्न पडायला हवा. जंगल समोर आहे, बांबू समोर आहे, मग कारागीर गरीब का राहिला?

उत्तराचा मोठा भाग कायद्यात आहे. शास्त्रानुसार बांबू हे गवत. पण १९२७च्या भारतीय वन कायद्यानं त्याला 'झाड' ठरवलं. झाड म्हटलं की तोडायला परवानगी, वाहून न्यायला पास. २००६च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज मानलं आणि हक्कधारक गावांना तो गोळा करून विकण्याचा अधिकार दिला. पुढे २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला. म्हणजे शेताच्या बांधावरचा बांबू मोकळा झाला, जंगलातला मात्र अजूनही वनहक्क आणि वनविभाग यांच्या चौकटीतच आहे. मेळघाटातला कोरकू जंगलातच राहतो. त्याच्यासाठी हा फरक कागदावरचा नाही, दर आठवड्याचा आहे.

मैदानातल्या गावांमध्ये हेच काम बुरूड समाज पिढ्यानपिढ्या करतोय. सूप, टोपली, डालं, परडी. प्लास्टिकचं सूप आलं आणि बांबूच्या सुपाचं गिऱ्हाईक अर्ध्यावर नाही, तर लग्नकार्यापुरतं उरलं. आठवडी बाजारात एक सूप घेऊन त्याची वीण उजेडात धरून बघा. दाणा खाली पडणार नाही आणि फोलपट वाऱ्यावर उडेल, एवढा अंदाज त्या विणीत असतो.

होळीला रस्ता अडवला तर घाबरू नका

कोरकूंचा सगळ्यात मोठा सण होळी. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही. ती मुंडा गटातली आहे, म्हणजे तिचे नातेवाईक झारखंड-ओडिशाकडे सापडतात. गाण्याचे शब्द कळणार नाहीत, हे गृहीत धरून जा. गादली आणि सुसून ही त्यांची नृत्यं, ढोल आणि बासरीच्या साथीनं.

होळीनंतरच्या दिवसांत मेळघाटच्या रस्त्यांवर मुलं-बायका गाणी म्हणत, नाचत गाड्या थांबवतात आणि फगवा मागतात. बाहेरून आलेल्यांना ही वसुली वाटते. ती चालत आलेली प्रथा आहे. सुटे पैसे जवळ ठेवायचे, हसून फगवा द्यायचा, दोन मिनिटं गाणं ऐकायचं आणि पुढे निघायचं. काच वर करून हॉर्न वाजवणारा पर्यटक त्या दिवशी सगळ्यात केविलवाणा दिसतो.

श्रावणातला अकोला

कॅराव्हॅनसाठी श्रावण तसा वाईट. काळी माती ओली झाली की चाक रुततं, आणि जड गाडी रुतली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. तरी शेवटच्या श्रावणी सोमवारी अकोला शहर गाठावं. गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी कावडींनी खांद्यावर आणून राजराजेश्वराला घातलं जातं. १९४४ पासूनची ही परंपरा. शेकडो घागरी बांधलेल्या कावडी, ढोल आणि रात्रभर जागं शहर. गाडी शहराबाहेर लावा, चालत आत या.

पैसे कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही?

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. भजनी मंडळाचे लोक पैशासाठी गात नाहीत. त्यांच्यासमोर नोट धरणं त्यांना अपमान वाटू शकतो. मंदिरात दानपेटी असते, उत्सवात अन्नदानाची पावती फाडता येते, बस्स. आणि "परत एकदा वाजवा ना, शूट राहिलं" ही फर्माईश टाळा. प्रार्थना म्हणजे शो नव्हे, तिला रीटेक नसतो. मौनाच्या वेळी मोबाइल खिशात.

याच्या अगदी उलट सूप विणणारा आणि हंडी विकणारा. ते उदरनिर्वाहासाठीच बसलेत. मॉलमध्ये बारकोडवर दिसेल ती किंमत मुकाट्यानं देणारी माणसं आठवडी बाजारात वीस रुपयांसाठी घासाघीस करतात. तासभर त्या कारागिराचं काम शूट करायचं आणि एकही वस्तू न घेता निघायचं, हे तर त्याहून वाईट. वासुदेव, गोंधळी, नाथजोगी दारात आले तर त्यांना द्यायचंच, कारण गाणं हेच त्यांचं उत्पन्न. फगवाही द्यायचाच. म्हणजे नियम एक नाही, प्रत्येक ठिकाणी तो वेगळा आहे, आणि न कळल्यास शेजारी बसलेल्या आजोबांना विचारलं की ते सांगतात.

खंजिरी विकत घ्यायची असेल तर चामडं कशाचं ते विचारा. दक्षिणेतल्या 'कंजिरा' या वाद्याला पारंपरिकरीत्या घोरपडीचं कातडं लावलं जायचं. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, तसं वाद्य घेणं-विकणं गुन्हा ठरतो. बकरीचं चामडं किंवा कृत्रिम पडदा असलेली खंजिरी घ्या.

गाडीचं काय?

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क अशा दोन्ही गोष्टी येतात. पार्क म्हणजे जिथं वीज, पाणी आणि सांडपाण्याची सोय मिळते अशी जागा. मात्र तशा जागांच्या भरवशावर वऱ्हाडात निघू नका. पाण्याची टाकी भरून घेणं, शौचालयाची टाकी रिकामी करणं याची सोय आधी फोन करून ठरवा. सांडपाणी नाल्यात किंवा शेताच्या कडेला सोडणं हा गाडगेबाबांच्या जिल्ह्यात तरी करू नये असा उद्योग आहे.

स्वतःच्या गाडीत बेड-ओटा बसवणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. नोंदणीच्या वेळी असलेल्या गाडीच्या रचनेत मनासारखे बदल करता येत नाहीत, आरटीओची मंजुरी लागते. नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनीशी वाद अटळ. भाड्यानं घेत असाल तर कागदपत्रांत गाडीची नोंद कोणत्या प्रकारात आहे ते बघून घ्या.

मोझरीत मुक्कामासाठी आश्रमाच्या कार्यालयात आधी विचारा, गाडी कुठे लावायची ते तेच सांगतील. भक्तनिवासही आहे. आश्रमाच्या आवारात दारू, सिगारेट चालत नाही, ती तुमच्या गाडीत असली तरी. सकाळी ध्यान झालं की जवळच्या दासटेकडीवर चालत जाऊन यावं. एक दिवस हाताशी असेल तर याच तिवसा तालुक्यातलं वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर गाठा, रुक्मिणीचं माहेर मानलं जाणारं. इथून आषाढीला पंढरपूरला जाणारी पालखी चारशे वर्षांहून जुनी मानली जाते. नदी ओलांडली की वर्धा. तिथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ या दिवशी गांधीजींनी केलं होतं. चरखे, खादी आणि ग्रामोद्योगाची अवजारं एकाच छताखाली बघायची असतील तर ही जागा, आणि इथं जायला तिथी पाहावी लागत नाही. फक्त सुट्टीचा वार कोणता ते विचारून निघा.